वीतभर तोफेची चाकं

माणसाने आयुष्यात एक तरी बिनकामाची गोष्ट मन लावून करावी. पोटासाठी काही करा, कुणी ढुंकून बघत नाही. बिनकामाचं करायला घ्या, अख्खी गल्ली चौकशीला येते आणि जाताना एकेक किस्सा ठेवून जाते! मी पस्तीस वर्षं हिंगोलीत लेथ मशीन चालवलं, मोटारपंपाचे बुश आणि थ्रेशरचे शाफ्ट तासले. त्यातला एक किस्सा सांगा म्हणालात तर डोकं खाजवावं लागेल. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आम्ही तिघांनी मिळून वीतभर लांबीच्या ज्या तोफा केल्या, त्यांचे किस्से नुसते साचून राहिलेत. ऐकायला माणूस सापडत नाही, एवढीच तक्रार आहे. आज तुम्ही सापडलात. बसा.

तिघं कोण, ते आधी सांगतो. पितळेची नळी मी तासणार. लाकडी गाडा आणि चाकं कोंडिबा मिस्त्री करणार. ते शिरड शहापूरचे सुतार, उभा जन्म बैलगाडीची चाकं करण्यात गेलेला. पुढे टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकाला कुणी विचारेना. आणि आम्ही दोघांनी काय करायचं ते कागदावर काढून देणार पाठक सर, शाळेतले रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर. तोफा उडणाऱ्या नव्हेत बरं का. बत्ती द्यायला भोकच ठेवलेलं नाही. नुसत्या बघायच्या.

*

सुरुवात माझ्यापासून झाली. दुकान बंद केलं, मशीनं देऊन टाकली, एक लहान लेथ तेवढं घराच्या मागच्या खोलीत आणून बसवलं. हाताला चैन पडेना. पितळेचा एक तुकडा पडला होता, त्याची तोफेची नळी केली. मग चाकं पाहिजेत म्हणून लाकडाच्या दोन गोल चकत्या तासल्या, मधे भोक पाडलं, झालं! स्वतःवर इतका खूष झालो की ती तोफ रस्त्यावरून दिसेल अशी खिडकीत मांडून ठेवली.

कोंडिबा मिस्त्री त्या दिवशी गिरमिटाचा वाकलेला दांडा सरळ करून घ्यायला आले होते. मी खरा टर्नर, पण त्यांच्या लेखी लोखंडाला हात लावणारा प्रत्येक जण फिटर. त्यांनी खिडकीतली तोफ उचलली, सगळ्या बाजूंनी पाहिली.

"तोफ झाक हाय. पन फिटर, ही चाकं न्हाईत. ह्या भाकरी हायत."

"का? गोल आहेत की!"

"भाकरी बी गोलच असती."

एवढं बोलून त्यांनी मला न विचारता दोन्ही चकत्या उपसल्या, पिशवीत टाकल्या आणि निघून गेले. मला वाटलं, रागाच्या भरात चुलीत घालायला नेल्या. पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर दोन चाकं होती. मधला तुंबा सुपारीएवढा, काडेपेटीच्या काडीएवढे आरे, एकेक आरा तुंब्यात खाच पाडून ठोकलेला. मी मापाचा कॅलिपर लावून चूक शोधायला बसलो. तासभर शोधली. सापडली नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला, हे उघड सांगतो.

"आणि माझ्या चकत्यांचं काय केलंत?" मी विचारलं.

"पोळपाटाला पाय नव्हते आमच्या. लावले."

*

पाठक सर आमच्यात आले तेच मुळी चुका काढायला. खिडकीतली तोफ बघून आत आले आणि ओळखपाळख नसताना म्हणाले, "नळी आणि चाक एका घरातली वाटत नाहीत." त्यानंतर प्रत्येक तोफेचं ड्रॉइंग सर काढू लागले. समोरून, बाजूने, वरून, खाली स्केल, उजव्या कोपऱ्यात सही.

पहिलं ड्रॉइंग त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिलं. मिस्त्रींनी ते सुलट धरलं, उलट धरलं, घडी घालून टोपीत खोचलं आणि विचारलं, "मालक केवढा हाय?"

"कुणाचा मालक?"

"ह्या गाडीचा. चाक मालकाच्या छातीला लागाया पायजे. त्याच्याबिगर मी चाकाला हात घालत न्हाई."

मग आम्हाला उलगडा झाला. मिस्त्रींनी जन्मात टेप लावून चाक केलं नव्हतं. शेतकरी गाडी सांगायला आला की त्याला भिंतीशी उभं करायचं, छातीपाशी खडूने रेघ मारायची, तेवढं चाक! उंच माणसाला उंच गाडी, बुटक्याला बुटकी. आता वीतभर तोफेला मालक कुठून आणायचा?

सर तापले. "अहो मिस्त्री, स्केल दिलंय ना! एकास दहा!"

"धा असू द्या न्हाईतर ईस असू द्या. मला मानूस दावा."

सर रागारागाने निघून गेले. मला वाटलं, संपलं आमचं मंडळ. चौथ्या दिवशी सर हजर. हातात रुमाल, रुमालात शाडूचा गोलंदाज, म्हणजे तोफ डागणारा शिपाई! पेनाएवढा उंच, डोक्याला पागोटं, ओठावर मिशा, आणि सरांचा स्वभावच बारकाव्याचा, म्हणून पुढे थोडं पोटसुद्धा. मिस्त्रींनी त्याला खोक्याशी उभं केलं, छातीपाशी पेन्सिलीने रेघ ओढली आणि समाधानाने मान हलवली.

"आता कसं! पन सर, ह्याचं पोट लई सुटलंय. हा तोफेवर काम करून राहिला, का नुसता बसून खाऊन राहिला?"

सर गोलंदाजाला घरी घेऊन गेले आणि पोट खरवडून आणलं.

*

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी असते, तिला धाव म्हणतात. ती खिळ्यांनी मारत नाहीत. गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चाकावर चढवायची आणि धबाधबा पाणी ओतायचं. गार झाली की ती आकसते आणि चाकाला अशी आवळते की पुढची वीस वर्षं हलत नाही. मी म्हणालो, "एवढ्याशा चाकाला कशाला हा उद्योग? चिकटवू या."

"तुमचं डोकं चिकटवा," मिस्त्री म्हणाले.

प्रश्न होता जाळाचा. आमची ही शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. आम्ही तिघं म्हातारे चोरासारखे स्वयंपाकघरात शिरलो. गॅस मोठा केला, बांगडीएवढी कडी चिमट्यात धरून लाल केली. सर ओट्याशी घड्याळ धरून उभे. मिस्त्रींनी कडी चाकावर बसवली मात्र, लाकूड पेटायला लागलं! धूर! मिस्त्री ओरडले, "पानी! पानी वता!"

मी हाताला लागलं ते पातेलं उचललं आणि ओतलं. चर्रर्र झालं. धाव बसली, अगदी घट्ट बसली. पातेल्यात ताक होतं, रात्रीच्या कढीचं.

नेमकी त्याच वेळी ही दारात. धूर पाहिला, ओट्यावरून वाहणारं ताक पाहिलं, माना खाली घातलेले तीन म्हातारे पाहिले.

"अहो, आता चाकाला फोडणी देऊन राहिलात का?"

त्या चाकाला पुढे महिना-दोन महिने आंबूस वास येत होता. सर म्हणायचे, ही आपली एकमेव तोफ जी वासाने शत्रूला पळवेल. हिला जाऊन आता चार वर्षं झाली. ती तोफ मी दुसऱ्या कुठल्या फळीवर ठेवली नाही, ओट्याशेजारीच ठेवली आहे. मधून मधून नाकाशी धरून बघतो. वास केव्हाच गेलाय.

*

एकदा दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीत भरणाऱ्या प्रदर्शनात आम्हाला एक टेबल मिळालं. एका बाजूला लोणचीवाल्या बाया, दुसऱ्या बाजूला पाणी गाळायच्या मशीनवाला, मधे आम्ही आणि आमच्या पाच तोफा. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मिस्त्रींनी नवी टोपी.

येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच: "उडते का?"

सकाळी सरांनी प्रत्येकाला नीट समजावून सांगितलं. दुपारपर्यंत आवाज बसला. चार वाजता एका गृहस्थांनी विचारलं, "उडते का?" तेव्हा सर म्हणाले, "तुमच्या शोकेसमधला मोर नाचतो का?"

एका बाईंनी तोफेच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "अगरबत्तीला बराबर हाय." त्यावर मिस्त्री दोन तास कुणाशी बोलले नाहीत.

गर्दी सगळी लोणच्याला. आम्ही तिघं खुर्च्यांवर बसून लोकांच्या पाठी बघत होतो. आवराआवरीच्या वेळेला एक धोतरवाला म्हातारा थांबला. त्याने तोफेकडे बघितलंसुद्धा नाही. वाकला, एका बोटाने चाक फिरवलं, कान जवळ नेला.

"वंगण द्या," म्हणाला आणि चालता झाला.

मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की विचारू नका! परत येताना रिक्षात ते एकटेच बोलत होते. "आज एक मानूस आला बगा. एक आला, पन मानूस आला."

*

सर आजारी पडले ते झपाट्याने. त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. मी आणि मिस्त्री नुकतीच पुरी झालेली तोफ पिशवीत घालून एसटीने गेलो. सरांचा मुलगा दाराशी म्हणाला, "दहाच मिनिटं हं. बोलायचा त्रास होतो त्यांना."

सर निम्मे झाले होते. मी तोफ काढून त्यांच्या उशाशी, औषधांच्या बाटल्या सरकवून ठेवली. सरांनी मान वळवली आणि बघत राहिले. आम्ही दोघं साठी-सत्तरीचे बाप्ये, पण वही तपासायला दिलेल्या पोरांसारखे श्वास रोखून उभे.

खूप वेळाने सर म्हणाले, "चाक उलटं बसवलंय."

बैलगाडीचं चाक सपाट नसतं. किंचित बशीसारखं असतं, खोलगट बाजू बाहेर. मी घाईत डावं चाक आतली बाजू बाहेर करून घातलं होतं! मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की दवाखाना नसता तर शिवीच दिली असती. मी नेलकटरच्या टोकाने खीळ काढली, चाक फिरवून घातलं, खीळ ठोकली. नर्स आमच्याकडे बघतच राहिली.

"आता बरोबर," सर म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर त्यांची आमची भेट झाली नाही. त्याच आठवड्यात गेले. लोक म्हणतात, जाताना माणसाने गोड बोलून जावं. सर चूक काढून गेले. मला तेच बरं वाटतं.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसून आलो. शिरड आलं तसे मिस्त्री उठले, दांड्याला धरून क्षणभर थांबले.

"फिटर, आता चुका कोन काढंल?"

मी काही उत्तर देण्याच्या आत कंडक्टरने घंटी मारली.

*

मग आम्ही दोघंच उरलो. आणि ही तोफ अशी वस्तू आहे की एकट्याने होत नाही. माझ्याकडे चाक नाही, त्यांच्याकडे नळी नाही. एकाने सोडलं की दुसऱ्याचं आपोआप सुटलं. हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

आमची भेट जवळा बाजार या गावी व्हायची, आठवडी बाजाराच्या दिवशी. मिस्त्री तिथे पोतं अंथरून कुऱ्हाडीचे, फावड्याचे दांडे विकायला बसायचे. मी हिंगोलीहून गाडीने जायचो आणि त्यांच्या पोत्यावर बसायचो. मला दांड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण गिऱ्हाईक नसलं की एखादा दांडा उचलून निरखत बसायचो, म्हणजे येणाऱ्याला वाटावं, इथे काहीतरी चाललंय.

मिस्त्री दांड्यांच्या शेजारी एक तोफेचं चाक ठेवायचे. उगीच. कुणी विचारावं म्हणून.

एकदा कापसाच्या गाडीवरचा एक आडदांड बुवा थांबला. "काय हो बाबा, हे कशाचं चाक?"

"उंदराच्या गाडीचं."

"उंदराच्या?"

"गनपतीच्या. आता वज्यानं थकला म्हने. गाडी सांगितली त्यानं."

तो बुवा हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. चाक हातात घेऊन त्याने आऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "माझ्या बापाच्या गाडीला असंच होतं, बाबा. तुमीच केलं असंल." मग त्याने गरज नसताना फावड्याचा दांडा घेतला.

घरी आल्यावर मला तो प्रसंग कुणाला तरी सांगायचा होता. कुलूप काढलं, दिवा लावला. मग लेथपाशी बसून स्वतःशीच सांगितला. गणपतीच्या उंदरापाशी आल्यावर मी एकटाच हसलो.

*

माझी मुलगी मंजू नाशिकला असते. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते.

"बाबा, दिवसभर कुणाशी बोलता की नाही?"

"बोलतो की."

"कुणाशी?"

"लेथशी."

"आणि ते काय म्हणतं?"

"तेल घाल म्हणतं."

ती हसली, पण मग कॅमेऱ्याच्या बाहेर बघायला लागली. पोरीला हसवायला गेलो आणि भलतंच झालं. पुढच्या महिन्यात तिच्याकडून पार्सल आलं. कुठल्याशा मशीनवर छापून काढलेली प्लास्टिकची चाकं, डझनभर! सोबत चिठ्ठी: 'बाबा, आता तुमचं काम कुणामुळे अडणार नाही.'

चाकं सुरेख होती, खोटं कशाला बोलू? सगळी एकसारखी. मी ती घेऊन मिस्त्रींकडे शिरडला गेलो. म्हटलं, शिव्या तरी ऐकायला मिळतील. मिस्त्रींनी एक चाक घेतलं, फिरवून बघितलं, नखाने टोकरलं. मग नाकाशी धरलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. मग पुन्हा हुंगलं. "ह्याला वास न्हाई. काहून?"

मी म्हटलं, "प्लास्टिक आहे."

"आन् हे किती दिसात होतं?"

"दोन-तीन तासांत."

मिस्त्रींनी चाक पुन्हा एकदा फिरवलं. चाक माझ्या हातात परत देत म्हणाले, "मंग बाकीचा दिवस काय करायचा?"

ती बारा चाकं अजून खोक्यात आहेत. मंजूला सांगितलंय, फार उपयोगी पडतात.

*

आता शेवटचा सांगतो. हा अगदी अलीकडचा, या उन्हाळ्यातला.

मिस्त्री न्हाणीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण दोन दिवस उठता आलं नाही. शेजारच्या बाईने भाकरी दिली म्हणून निभावलं. त्यांचा मुलगा दत्ता पुण्याकडे कंपनीत आहे. तो धावत आला आणि म्हणाला, "अण्णा, आता बास. माझ्याकडं चला. हितं एकटं ठेवणार नाही."

दत्ता काही वाईट मुलगा नाही. चांगला आहे, म्हणून तर पंचाईत! वाईट असता तर भांडता आलं असतं. मिस्त्री त्याला एवढंच म्हणाले, "फिटरची एक जोडी हातात हाय. तेवढी पुरी करतो आन् निघतो. आर्ध्यात टाकून आमच्यात कोनी उठत न्हाई."

दत्ताने ते मान्य केलं. मला फोन करून म्हणाला, "काका, तेवढी लवकर करून घ्या त्यांच्याकडून."

मी तर नळी तासून केव्हाच बसलो होतो. ती हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. खरं सांगतो, ती जोडी पुरी होऊ नये असं मला वाटत होतं. आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती. म्हातारा माणूस लेकाकडे, नातवंडांत चालला आहे, आणि मी इकडे चाकं मोडावीत म्हणून टपून बसलोय! मी मनाशी पक्कं केलं, जायच्या दिवशी एक शब्द बोलायचा नाही. चाकं घ्यायची, नमस्कार करायचा, निघायचं.

मे महिन्यात दत्ताचा निरोप आला: झालं काम, या. औंढ्याला गाडी बदलून मी शिरडला पोचलो तेव्हा दारात मोटार उभी. मिस्त्रींची लोखंडी पेटी मागच्या सीटवर. दत्ताच्या हातात कुलूप-किल्ली. मिस्त्री ओट्यावर बसलेले, धुतलेलं धोतर, नवी टोपी. त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली चाकं माझ्यापुढे ठेवली.

"बगून घ्या, फिटर."

पहिलं चाक उचललं. नेहमीसारखंच. नुकत्याच पडून उठलेल्या माणसाने हे केलं यावर विश्वास बसू नये असं. दुसरं उचललं आणि काहीतरी बोटाला लागलं. काय ते कळेना. म्हणून मोजले. पुन्हा मोजले.

मिस्त्रींच्या चाकाचा घेर सहा वाकड्या तुकड्यांचा असतो. एकेका तुकड्यात दोन आरे. सहा दुणे बारा. पन्नास वर्षं त्यांच्या हातून याच्या वेगळं चाक उतरलेलं नाही. या चाकात अकरा होते.

मी खिशातला कॅलिपर काढला. घेराचे पाच तुकडे सारख्या मापाचे होते. सहावा बरोबर निम्म्या मापाचा, त्यात एकच आरा. प्रत्येक दोन आऱ्यांमधलं अंतर अगदी सारखं, केसाचा फरक नाही. मी वर पाहिलं. मिस्त्री रस्त्याने जाणाऱ्या शेळ्या बघत होते.

"मिस्त्री," मी म्हणालो, "अकरा आहेत."

"काय म्हंता!" त्यांनी चष्मा लावला आणि बोट लावून मोठ्याने मोजले. "...धा, अकरा. व्हय की! वय झालं, फिटर."

दत्ता जवळ आला. "अण्णा, एका काडीनं काय बिघडतं?"

"अकरा आऱ्याचं चाक ह्या घरातून भायेर जात न्हाई."

"काका, तुम्ही तरी सांगा यांना," दत्ता माझ्याकडे वळला. "चालेल ना?"

मी एक शब्द बोलणार नव्हतो. "नाही चालणार," मी म्हणालो.

"अहो, पण तोफ तरी कुठं चालते!"

मिस्त्री धोतराची कड नीट करत बसले. मी कॅलिपर उघडत होतो, मिटत होतो. दत्ताने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"नवं करायला किती दिवस?" त्याने विचारलं.

"आता बाभूळ बगावी लागंल. ती वाळवावी लागंल. तासभर वाळवून भागतं का?" मिस्त्री विचार करून म्हणाले. "पावसाळा जाऊ द्या."

दत्ताने कुलूप-किल्ली खिशात टाकली. मग त्याने मागचं दार उघडलं आणि पेटी स्वतः उचलून घरात नेऊन ठेवली. शेजारच्या बाईशी जाऊन काहीतरी बोलून आला. न्हाणीत खाली अंथरायला गावातून एक रबरी चटई आणली आणि हाताने दाबून दाबून बसवली. जाताना पाया पडला. "दिवाळीला येतो," म्हणाला. "तेव्हा मोजूनच नेतो."

मोटार वळणाआड गेली. मी चांगलं चाक फडक्यात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं आणि उठलो.

"ते बी ठेवून जा हितंच," मिस्त्री म्हणाले.

"ते कशाला? ते तर बारा आऱ्यांचं आहे."

"असू द्या," ते म्हणाले. "मला त्याच्यात बी शंका हाय."